नानांच्या आवाजात

“बोल,” प्रतापदादा म्हणाले. “त्यांच्या समोरच बोल. त्यांनाही ऐकू दे.”

नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बसले होते म्हणजे बसवलेले होते. घसरू नयेत म्हणून कमरेभोवती उपरणं गुंडाळून मागे गाठ मारली होती. उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवावा तसा मांडीवर पडला होता. ओठाच्या त्याच बाजूनं लाळ गळायची आणि त्यांच्या पत्नी, काकू, ती टॉवेलानं टिपायच्या. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर अंगणात कार्यकर्ते झेंड्यांच्या काठ्या सोलत होते. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं की नानांच्या घशाला त्रास आहे आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.

मी एकवीस वर्षांचा होतो. ज्या माणसानं पाच निवडणुका नुसत्या आवाजावर जिंकल्या, त्याच्यापुढे उभं राहून मला त्याचाच आवाज काढायचा होता.

मी डोळे मिटले, श्वास पोटात घेतला आणि म्हणालो, “माझ्या कष्टकरी भावांनो, माझ्या लेकींनो...”

काकूंचा टॉवेलाचा हात थांबला. दाराशी उभा असलेला गडी आत डोकावला. नानांचे डोळे माझ्यावर आले आणि तिथंच राहिले. ओठाची डावी बाजू जराशी हलली. मला वाटलं, हसले.

“बास,” प्रतापदादा म्हणाले. “हाच पाहिजे.”

मी मुरली साबणे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं आणि ‘स्वरगंध मेलडी’ नावाच्या ऑर्केस्ट्रात नकला करत होतो. गणपतीत, जत्रेत, लग्नाच्या आदल्या दिवशी. गायक पाणी प्यायला गेले की दहा-बारा मिनिटं माझी. सुरुवातीला मी सिनेमातल्या नटांचे आवाज काढायचो. लोक हसायचे, पण ते हसणं कसं, ओळखीचं गाणं लागलं की मान हलावी तसं. एकदा सहज आमच्या आमदारांचा, म्हणजे केरबानाना हिवऱ्यांचा आवाज काढला आणि मंडप उठून उभा राहिला. तेव्हा मला कळलं की माणसांना लांबच्या हिरोपेक्षा गावातला हिरो जास्त लागतो. राजकारणाशी माझा संबंध एवढाच होता. कोणता पक्ष काय म्हणतो याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. कोण कुठं थांबतो, कुणाचा कोणता शब्द नाकातून येतो, तेवढं मी ऐकायचो. आमच्या वयाच्या सगळ्यांचंच थोडंफार तसं होतं. सभा आणि ऑर्केस्ट्रा एकाच मैदानावर, एकाच स्पीकरवर व्हायचे; आम्हाला दोन्हींत फार फरक दिसायचा नाही.

नाना माझी नक्कल पाहायला एकदा स्वतः आले होते. पुढच्या रांगेत बसून पोट धरून हसले. नंतर मला जवळ बोलावून म्हणाले, “सगळं बरोबर हाय, पण शेवटचा शब्द तू खाली टाकतो. मी वर उचलतो. माणूस त्या शब्दाला लटकून माझ्याबरोबर वर येतो.” मग कानाशी वाकून म्हणाले, “आन् लेका, हा आवाज तरी माझा कुठंय? पोरपणी एका कीर्तनकाराचा उचललेला हाय. कुणाला सांगू नको.”

त्यानंतर मी स्वतःला कलावंत समजायला लागलो. घरी मात्र तसं कुणी समजत नव्हतं. आमचे अण्णा गावच्या सहकारी सूतगिरणीत जॉबर होते, म्हणजे दहा-बारा कामगारांचे मुकादम. त्यांच्या हाताखालचे रशीदचाचा फिटर घरी यायचे आणि मला विचारायचे, “दुसऱ्याचं लई भारी बोलतो रे तू. स्वतःचं कधी बोलणार?” मी हसून वेळ मारून न्यायचो. स्वतःचं काय बोलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

पहिला फोन निरुपद्रवी होता. प्रतापदादांनी मला गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथं एका जिंगल बनवणाऱ्याच्या स्टुडिओत, गाद्या ठोकलेल्या खोलीत, मी कागद वाचला. ‘माझी तब्येत सुधारते आहे. यंदा मी उभा नाही, माझा मुलगा प्रताप उभा आहे. माझ्यावर केली तशीच माया त्याच्यावर करा.’ एवढंच. मोबाईल तेव्हा नुकते घरोघर आले होते. निवडणुकीत रेकॉर्ड केलेला आवाज थेट माणसाच्या कानात सोडायचा, ही कल्पना आमच्या भागात नवी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी खात बसलो होतो आणि अण्णांचा फोन वाजला. अण्णांनी तो कानाला लावला आणि बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती, तर डावा हात आपोआप डोक्यावर गेला.

“हो नाना,” अण्णा म्हणाले. “होय. जपा तब्येतीला.”

पलीकडून मी पुढचं वाक्य बोलत होतो. अण्णा ते संपेपर्यंत थांबले, परत ‘होय नाना’ म्हणाले. फोन बंद झाल्यावर मायला म्हणाले, “नानांचा फोन. स्वतः बोलले गं. आवाज जरा बारीक झालाय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी भाकरीचा तुकडा मोडला. सांगून टाकावं असं मनात आलं आणि गेलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. मंडपातल्या हजार माणसांनी दिली नव्हती अशी दाद मला माझ्या बापानं दिली होती आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

गिरणीचं प्रकरण त्या आधीपासून चालू होतं. गिरणी तोट्यात म्हणून वर्षभर बंद होती आणि तिची यंत्रं कुणा व्यापाऱ्याला विकायची ठरलीय अशी बातमी होती. आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी नानांनीच गेटवर उभं राहून सांगितलं होतं, “ह्या गेटातून सूत बाहेर जाईल. यंत्राचा एक खिळासुद्धा जाणार नाही. मी असलो तरी आन् नसलो तरी तुम्ही हितून हालू नका.” तेव्हापासून दीडशे बायामाणसं रोज सकाळी गेटसमोर सतरंज्या टाकून बसायची. अण्णा पहिल्या रांगेत. दिवस मावळला की दुसरी पाळी येऊन बसायची. जशी गिरणीची पाळी बदलायची, तशीच.

मतदानाला आठ दिवस उरले असताना प्रतापदादांनी मला परत बोलावलं. या वेळी खोलीत फक्त आम्ही दोघं होतो. त्यांनी कागद पुढे केला. मी वाचला आणि परत वाचला.

‘गेटवरच्या माझ्या भावांनो, माझ्या लेकींनो. मी नाना बोलतो. यंत्रं विकलेली नाहीत, दुरुस्तीला चालली आहेत. दोन महिन्यांत परत येतील आणि गिरणी सुरू होईल. माझ्यावर विश्वास असेल तर आज गेट सोडा. घरी जा.’

“हे खरं आहे?” मी विचारलं.

“खरं-खोटं मला कामून विचारतो? तू कलाकार आहेस.”

“नानांनी सांगितलंय का असं बोलायला?”

प्रतापदादांनी खुर्ची जवळ ओढली. ते वाईट बोलणारे, आरडाओरडा करणारे नव्हते. आवाजही साधाच होता, नक्कल करायला काही सापडू नये असा.

“मुरली, परवा ट्रक येणार आहेत,” ते म्हणाले. “कोर्टाचा कागद झालाय. लोक उठले नाहीत तर पोलीस उठवतील. उठवतील म्हणजे कसं, ते तुला सांगायला नको. तुझे अण्णा पुढच्या रांगेत असतात. साठीला आलेला माणूस. एक काठी डोक्यात बसली तर?” मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, “हा एक फोन गेला तर कुणाचं डोकं फुटणार नाही. तू ठरव.”

मी कागदाकडेच पाहत होतो. ते उठता उठता म्हणाले, “आणि मुंबईला त्या टीव्हीच्या कॉमेडी स्पर्धेचं मी बोललोय. निवडणूक झाली की तुला बोलावणं येईल. हे त्याच्यासाठी नाही, वेगळं आहे. पण सांगून ठेवतो.”

दोन्हींतलं कोणतं मला जास्त जड वाटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. अण्णांचं डोकं, असं उत्तर मी देतो. दर वेळी ते मला पटतंच असं नाही.

“मला नानांना विचारायचंय,” मी म्हणालो.

“चल,” ते म्हणाले.

नाना त्याच खुर्चीत होते. काकू आत होत्या. प्रतापदादांनी कागद वाचून दाखवला, स्वतःच्या आवाजात, शाळेतला धडा वाचावा तसा. नानांची मान हलली नाही. मी जवळ जाऊन गुडघ्यावर बसलो.

“नाना, हे बोलू का?”

त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. खूप हळू. मला वाटलं पाणी मागतायत. हात माझ्या तोंडापर्यंत आला आणि त्यांनी पंजा माझ्या ओठांवर ठेवला. औषधाचा वास येत होता. त्या हातात ताकद नव्हती, पण तो तिथून हलत नव्हता. त्यांचे डोळे इतके जवळ होते की त्यांत मला खिडकी दिसत होती.

“बघ,” मागून प्रतापदादा म्हणाले. “आशीर्वाद देतायत.”

मी नानांचा हात हळूच बाजूला केला, दांड्यावर ठेवला आणि पाया पडलो. उठताना म्हणालो, “हो. आशीर्वाद आहे.”

स्टुडिओत तीन वेळा रेकॉर्ड करावं लागलं. पहिल्या दोन वेळा ‘विश्वास’ या शब्दाला माझा आवाज घसरला. तिसऱ्या वेळी शेवटचा शब्द मी वर उचलला. काचेपलीकडचा पोरगा अंगठा दाखवून हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. का गेलो? परिणाम बघायला. नकलाकाराला ती खोड असते. समोर सतरंज्यांवर माणसं बसलेली. बाया शेंगा फोडत होत्या. अण्णा कुणाला तरी तंबाखू मळून देत होते.

आधी एक फोन वाजला, मग चार, मग सगळ्या गेटवर एकाच वेळी वाजायला लागले. कुणाची गाण्याची रिंग, कुणाची नुसती टुरटुर. मग एकदम शांत झालं. दीडशे माणसं कानाला फोन लावून, किंवा शेजारच्याच्या फोनला डोकं भिडवून बसली होती आणि त्या सगळ्यांच्या कानात मी होतो.

फोन संपल्यावर पहिल्यांदा रशीदचाचा उठले. “मला नाही पटत,” ते म्हणाले. “नाना गेट सोडा म्हणणार नाहीत. ह्याच जागेवर त्यांनी काय सांगितलं, विसरले का?”

“माणूस आजारी हाय, तरी फोन केला त्यानं,” कुणीतरी म्हणालं.

“त्यांचाच कशावरून?”

तेव्हा अण्णा उठले. मला टपरीवरून स्पष्ट ऐकू येत होतं. “रशीद, तीस वर्षं ऐकतोय मी हा आवाज,” अण्णा म्हणाले. “पहिला संप केला तेव्हापासून. माझ्या बापाचा आवाज मी विसरीन, ह्यांचा नाही. हा नानांचाच आवाज हाय. त्यांनी बसा म्हटलं तेव्हा बसलो. आता उठा म्हणतात.”

“आन् फसवलं गेलो तर?”

“तर माझ्या दाराशी यायचं. मी जबाबदार.”

कौसल्याबाई सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या, नवरा गेल्यापासून दोन पोरींना घेऊन राहणाऱ्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, शेंगांची टरफलं पदरात गोळा केली आणि उठल्या. मग सगळेच उठले. अण्णांनी सतरंजीचं एक टोक धरलं, दुसरं रशीदचाचांनी. दोघांनी घडी घातली.

मी चहाचा ग्लास ठेवला आणि पलीकडच्या गल्लीतून घरी गेलो.

ट्रक दुसऱ्या दिवशी आले आणि चार दिवस येत-जात राहिले. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. यंत्रांवर ताडपत्र्या होत्या. कौसल्याबाईंनी एका ट्रकला हळदकुंकू लावलं, लवकर परत ये म्हणाल्या. कुणाचं डोकं फुटलं नाही, हे मात्र प्रतापदादा बोलले तसंच झालं.

ते निवडून आले. मला मुंबईहून बोलावणंही आलं. मी गेलो. तिथं थंडगार खोलीत तीन परीक्षक बसले होते. मी नानांचा आवाज काढला. त्यांतल्या बाईंनी विचारलं, “हे कोण?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “लोकांना माहीत असलेलं काहीतरी करा ना.” मी दोन नटांचे आवाज काढले. माझ्या आधीच्या सात जणांनीही तेच काढले होते. संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघालो.

मी गावात उतरलो त्या दिवशी सकाळी नाना गेले होते. अंत्ययात्रेला सगळा तालुका लोटला. तिसऱ्या दिवशी गिरणीतली माणसं सांत्वनाला गेली, अण्णाही होते. दोन महिने अजून पुरे झाले नव्हते, पण व्यापाऱ्यानं यंत्रं तोडून परराज्यात भंगारात घातली, हे तोवर कळून चुकलं होतं. लोक अण्णांच्या शेजारी बसत होते, पण त्यांच्याशी बोलत नव्हते. कौसल्याबाईंनी काकूंना विचारलं, “शेवटी काय बोलले का हो नाना?”

काकू म्हणाल्या, “कुठलं बोलणं, बाई. आजार झाला त्या दिवसापासून तोंडातून शब्द नाही फुटला. तीन महिने नुसते बघत होते.”

हे मला रशीदचाचांनी पुष्कळ नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की अण्णा दुपारी घरी आले, चपला काढल्या, घटाघटा पाणी प्यायले आणि माझ्यासमोर खाली बसले.

“दोन्ही फोन तूच?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दुसऱ्याच्या वेळी मी तिथं बसलेलो, तुला माहीत होतं?”

“तुम्ही होता म्हणूनच केलं, अण्णा. पोलीस येणार होते. पहिली काठी तुमच्याच डोक्यात बसली असती.”

“डोकं माझं होतं,” अण्णा म्हणाले. “मला विचारायचं होतंस.”

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अण्णा म्हणाले, “उद्या अकरा वाजता गेटवर यायचं. फोनवर जे बोललास, ते सगळ्यांसमोर बोलायचं. तसंच. त्याच आवाजात.”

“लोक मारतील मला.”

“मारू दे.”

दुसऱ्या दिवशी गेटसमोर दीडशे नसतील, पण शंभरेक माणसं होती. गेट उघडंच होतं. आत रिकामी शेड, जमिनीत यंत्रांच्या पायाचे चौकोनी खड्डे. अण्णा पुढे झाले. “त्या दिवशी मी म्हणालो होतो, हा नानांचाच आवाज हाय,” ते म्हणाले. “आवाज माझ्या पोराचा होता. मी ओळखला नाही. मी जबाबदारी घेतली होती, म्हणून त्याला घेऊन आलोय.” आणि ते बाजूला झाले.

मी पोटात श्वास घेतला. “गेटवरच्या माझ्या भावांनो,” मी म्हणालो, “माझ्या लेकींनो. मी नाना बोलतो.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. दगडाची वाट बघत होतो. तसं काही झालं नाही. पुढच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. बायांनी पदर डोक्यावर ओढले. नानांना जाऊन चारच दिवस झाले होते. मी पुढे बोलत गेलो आणि लोकांचे चेहरे सैल होत गेले. रशीदचाचा खाली बघत होते. ‘घरी जा’ म्हणून मी थांबलो, तरी कुणी हललं नाही.

मग कौसल्याबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, कालच काकूंच्या तोंडून त्यांनीच ऐकलं होतं. तरीही हात जोडून, माझ्या चेहऱ्याकडे न बघता, कुठंतरी माझ्या गळ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “नाना, मग गिरणी कधी चालू व्हायची?”

मी तोंड उघडलं. कोणत्याही आवाजात काही आलं नाही. मी अण्णांकडे पाहिलं. ते पाठ करून गेटाकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर मी नक्कल केली नाही. जिल्ह्याच्या गावी एका कुरियरच्या ऑफिसात लागलो, अजून तिथंच आहे. अण्णांनी मला घराबाहेर काढलं नाही, की पुन्हा तो विषय काढला नाही. गवंड्याच्या हाताखाली जायला लागले. मी सुट्टीला गेलो की शेजारी बसून जेवायचे, पाऊसपाणी विचारायचे. फक्त फोनवर माझ्याशी बोलायचे नाहीत. मायनं फोन पुढे केला की म्हणायचे, “तू बोल.”

आणि मी घरी पोचून दार वाजवलं की आतून विचारायचे, “कोण?”

“मी, मुरली,” मी म्हणायचो.

आत काही वेळ हालचाल नसायची. मग पावलं वाजायची. कडी अर्धवट निघायची, फटीतून अण्णांचा एक डोळा दिसायचा. माझं तोंड नीट बघून झाल्यावरच ते दार उघडायचे.